तडीस नेण्याची भाषा : इंग्रजीतील समाप्ती व सातत्यदर्शक क्रियापदांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावरील इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला आढळतो. 'कॅरी ऑन', 'फिनिश ऑफ', 'कीप अ‍ॅट' अशी दोन-दोन शब्दांची क्रियापदे द्यावयाची आणि त्यांच्याऐवजी 'एक शब्द' लिहावयास सांगावयाचे. अपेक्षित उत्तर 'कंटिन्यू', 'कम्प्लीट', 'पर्सिव्हिअर' अशा लॅटिन वळणाच्या शब्दाचे असते. याच्या उलट प्रश्न, म्हणजे 'पर्सिव्हिअर' देऊन त्याचा घरगुती प्रतिशब्द विचारणे, फारच क्वचित दिसून येतो. ही केवळ परीक्षकाची सवय आहे असे म्हणता येणार नाही. लॅटिन वळणाचा एक शब्द प्रतिष्ठित आणि दोन लहान शब्दांची जोडी बोलीतली, असा एक मूल्यनिर्णय तीमध्ये दडलेला आहे. हा निर्णय इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे काम 'पुरे करणे' आणि काम 'चालू ठेवणे' या दोन अर्थांच्या क्रियापदांपुरते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

वर्गात आपण ज्यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतो त्यांच्यासाठी येथे 'अव्यययुक्त क्रियापद' ही संज्ञा वापरली आहे. क्रियापदानंतर येणारा 'अप', 'ऑन', 'आउट', 'थ्रू' यांसारखा लहान शब्द म्हणजे येथे अव्यय, एवढे समजून पुढे जाण्यास हरकत नाही.

उपसर्गाकडून अव्ययाकडे

प्राचीन इंग्रजीत, म्हणजे इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या भाषेत, क्रियेची पूर्णता दाखविण्याचे काम मुख्यतः उपसर्ग करीत असत. 'बॅर्नन' म्हणजे जाळणे आणि 'फोरबॅर्नन' म्हणजे जाळून टाकणे. आजच्या इंग्रजीत हाच अर्थ 'बर्न अप' या जोडीने व्यक्त होतो. क्रियापदाच्या आधी चिकटलेला अर्थ क्रियापदाच्या मागे सुटा जाऊन बसला, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. उपसर्गांवर आघात पडत नसे. त्यामुळे ते उच्चारात झिजत गेले आणि त्यांचा अर्थ पुसट होऊ लागला. रिकामी झालेली ही जागा मध्यकालीन इंग्रजीत क्रियापदानंतरच्या अव्ययांनी भरून काढली. उत्तर व पूर्व इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत ही रचना आधीच विपुल होती. तिचा प्रभाव किती, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

संस्कृतशी परिचय असलेल्या वाचकास येथे एक कौतुकाची गोष्ट लक्षात येईल. वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून दूर, सुटा येऊ शकत असे. अभिजात संस्कृतात तो क्रियापदाला कायमचा चिकटला. इंग्रजीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तेथे चिकटलेले सुटे झाले.

या स्थित्यंतराचा लिखित पुरावा पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरवजा इतिवृत्तात मिळतो. हे इतिवृत्त ११५४ पर्यंत चालू होते. त्यातील ११३२ च्या नोंदीत राजा पहिला हेन्री याने मठाधिपतीस मठाचा अधिकार सोडावयास व देशाबाहेर जावयास लावल्याची हकीकत आहे, आणि अधिकार सोडण्यासाठी तेथे 'गिव्ह अप' याच जोडीचे तत्कालीन रूप योजले आहे. चिकाटीचा नेमका विरुद्धार्थी असलेला, आजही रोज वापरला जाणारा हा प्रयोग म्हणजे कालपरवाची बोली नव्हे, तर नऊशे वर्षांचा जुना वापर आहे. 'कम्प्लीट' हे क्रियापद इंग्रजीत आले ते सोळाव्या शतकात. वडीलकीचाच प्रश्न असेल तर मान कोणाला द्यावयाचा हे येथेच स्पष्ट होते.

नॉर्मन विजयानंतर राज्यकारभार, न्याय आणि विद्या यांची भाषा फ्रेंच व लॅटिन झाली. 'फिनिश', 'अचीव्ह', 'अकम्प्लिश', 'पर्सिव्हिअर' ही मंडळी चौदाव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत स्थिरावली. 'पर्सिस्ट' नंतर आले. अशा रीतीने एकाच अर्थासाठी इंग्रजीत दोन थर निर्माण झाले. खालचा थर देशी, एकेका अवयवाच्या लहान शब्दांचा. वरचा थर आयात केलेला. मराठीतील तद्भव आणि तत्सम यांच्या नात्याशी याचे साम्य आहे. 'उरकणे' आणि 'परिपूर्ण करणे' यांत जे अंतर, तेच साधारणतः 'फिनिश ऑफ' आणि 'कम्प्लीट' यांत.

मात्र वरचा थर मुळातच अमूर्त होता, असे समजणे चुकीचे ठरेल. 'अचीव्ह' या शब्दामागे 'डोक्यापर्यंत आणणे', म्हणजे शेवटास नेणे, अशी जुनी फ्रेंच शब्दयोजना आहे. 'पर्सिस्ट', 'पर्सिव्हिअर', 'परफेक्ट' या तिन्ही शब्दांच्या आरंभी असलेला 'पर' हा लॅटिन उपसर्ग 'आरपार', 'शेवटपर्यंत' असा अर्थ देतो. 'परफेक्ट' म्हणजे शब्दशः 'आरपार केलेले'. इंग्रजी शेतकरी 'कॅरी थ्रू' म्हणतो तेव्हा तो लॅटिन पंडिताचेच म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगत असतो. 'कम्प्लीट'चा मूळ अर्थ काठोकाठ भरणे. या लॅटिन धातूचे, इंग्रजीतील 'फुल' व 'फिल'चे आणि आपल्या 'पूर्ण'चे मूळ एकच आहे. 'पूर्ण करणे' म्हणताना आपणही भांडे भरीत असतो. मराठी बोलणारा मात्र बहुतेक वेळा भांडे सोडून नदीकडे वळतो. 'तड' म्हणजे काठ आणि 'पार' म्हणजे पलीकडचा तीर. काम 'तडीस नेणे' किंवा 'पार पाडणे' म्हणजे ते प्रवाहातून सुखरूप पलीकडे काढणे. 'थ्रू' या अव्ययाचा भाव मराठी मनाला परका नाही, हे यावरून ध्यानात यावे.

अव्ययांची कामगिरी

समाप्ती आणि सातत्य यांच्या बाबतीत इंग्रजी अव्ययांची कामे बऱ्याच अंशी वाटून दिलेली आहेत. विद्यार्थ्यांना ती यादी म्हणून पाठ करावयास लावले जाते आणि म्हणूनच ती अवघड वाटतात. 'अप' क्रियेचा शेवटचा कण संपल्याचे सांगते. 'ईट' म्हणजे खाणे आणि 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे. 'ऑन' याच्या अगदी उलट आहे. 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहणे. शेवट दृष्टिपथात नाही आणि वाचणाऱ्याला त्याची फिकीरही नाही. 'थ्रू'मध्ये अडथळ्याची जाणीव असते, वाटेत काहीतरी होते आणि ते ओलांडले गेले. 'आउट'मध्ये सोसण्याची छटा अधिक. 'होल्ड आउट' हा प्रयोग वेढा पडलेल्या किल्ल्याच्या संदर्भात शोभतो आणि 'तग धरणे' हा त्याचा तंतोतंत मराठी भाऊ आहे. 'अवे' पुन्हा निराळे. 'हॅमर अवे', 'वर्क अवे' यांत परिणामाकडे न पाहता घाव घालीत राहण्याचा भाव आहे. त्याला किंचित विनोदाची किनारही असते.

ही व्यवस्था मराठी विद्यार्थ्याला वस्तुतः जन्मापासून अवगत असते. संस्कृत उपसर्गांची जननशक्ती मराठीत ओसरल्यावर मराठीने क्रियापदामागे दुसरे क्रियापद जोडून तेच काम साधले. 'टाकणे', 'सोडणे', 'घेणे', 'राहणे', 'सुटणे', 'बसणे' ही आपली अव्ययेच म्हणावयाची. 'संपवून टाकणे', 'करीत राहणे', 'बोलत सुटणे' यांतील छटा कोणत्याही मराठी मुलाला शिकवाव्या लागत नाहीत. 'कळून चुकणे' या प्रयोगातील 'चुकणे' क्रिया पुरी झाल्याचे दाखविते, चूक झाल्याचे नव्हे. परभाषिकाला हे समजावून सांगताना आपली जी तारांबळ उडते, तीच इंग्रजी शिक्षकाची 'गिव्ह अप'मधील 'अप' समजावताना उडत असणार. खाली ठेवले, सोडून दिले, तरी शब्द मात्र 'वर'!

साम्य येथेच थांबत नाही. 'स्टिक टू' म्हणजे चिकटून राहणे आणि आपला 'चिकाटी' हा शब्दही 'चिकटणे'पासूनच आलेला आहे. 'फिनिश ऑफ' एखाद्या कामाच्या बाबतीत म्हणतात तसेच माणसाच्या बाबतीतही म्हणतात. मराठीत 'त्याला संपवला' या शब्दांतही तीच भीषण दुहेरी धार आहे. 'पॉलिश ऑफ'ला 'फडशा पाडणे' याहून चांगला प्रतिशब्द सुचत नाही. फरक जेथे आहेत तेथे ते शब्दक्रमाचे आहेत आणि तेथे मात्र सावध राहावे लागते. 'सी समथिंग थ्रू' म्हणजे एखादी गोष्ट अखेरपर्यंत निभावून नेणे; तेच 'थ्रू' आधी घेऊन 'सी थ्रू समथिंग' म्हटले की एखाद्याचे सोंग ओळखणे. एका शब्दाची जागा बदलली आणि निष्ठेऐवजी संशय पदरी आला. आपल्या प्रश्नपत्रिकांत हा भेद तपासणारा प्रश्न असावयास हवा.

प्रतिष्ठेचा प्रश्न

या क्रियापदांना कमी लेखण्याची वृत्ती साधारणतः सतराव्या शतकापासून दिसू लागते. १६७२ मध्ये जॉन ड्रायडन याने आधीच्या पिढीतील बेन जॉन्सन या नाटककाराच्या वाक्यांच्या शेवटी येणाऱ्या शब्दयोगी अव्ययांवर आक्षेप घेतला. १७६२ मध्ये बिशप रॉबर्ट लोथ याने आपल्या व्याकरणात ही रचना घरगुती शैलीस शोभणारी ठरविली. वास्तविक वाक्यान्ती राहिलेले शब्दयोगी अव्यय आणि क्रियापदाचा घटक असलेले अव्यय या दोन निराळ्या बाबी आहेत. पण एकीवरील नापसंतीची सावली दुसरीवर पडली ती कायमची.

या पार्श्वभूमीवर सॅम्युअल जॉन्सनची भूमिका अधिक उदार वाटते. १७४६ मध्ये ग्रंथविक्रेत्यांशी करार करून त्याने कोशाचे काम हाती घेतले, तीन वर्षांत ते संपेल असा अंदाज बांधला आणि प्रत्यक्षात कोश प्रसिद्ध झाला तो १७५५ मध्ये. प्रस्तावनेत त्याने अव्यय जोडल्याने अर्थ पालटणाऱ्या क्रियापदांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण यांचीच होते हे ओळखून आपण ती विशेष काळजीने नोंदविली, असे तो सांगतो. 'टेक' या एका क्रियापदाचे त्याने शंभराहून अधिक अर्थ दिले. लॅटिनप्रचुर गद्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या या लेखकाने कोशकार म्हणून मात्र देशी थराचे ऋण मान्य केले, ही बाब आपल्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

कायद्याच्या भाषेने तर या प्रश्नाचा निकाल कधीच लावला आहे. कायद्याची इंग्रजी लॅटिन शब्दांनी ओथंबलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि कंपनीचा कारभार संपविण्यासाठी इंग्रजी कायद्याने 'वाइंड अप' हीच संज्ञा स्वीकारली आणि भारताच्या १९५६ च्या व २०१३ च्या कंपनी कायद्यांतही तीच आली. सूत गुंडाळण्याची ही प्रतिमा आहे. मराठीतही आपण 'कंपनी गुंडाळली' असेच म्हणतो, हा योगायोग विलक्षण आहे. 'कॅरी ऑन' हे तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये आहे आणि भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्येही आहे. व्यवसाय, व्यापार किंवा धंदा 'चालविण्याचा' नागरिकाचा मूलभूत हक्क मूळ इंग्रजी पाठात या अव्यययुक्त क्रियापदानेच व्यक्त झाला आहे. मसुदा समितीला तेथे लॅटिन वळणाचा शब्द सापडला नसता असे नाही. जे क्रियापद मूलभूत हक्काचे वजन पेलू शकते, त्याला निबंधात वापरल्याबद्दल विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापणे कितपत योग्य, हा प्रश्न प्रस्तुत लेखिकेस महत्त्वाचा वाटतो.

कोशकारांची चिकाटी

समाप्ती आणि चिकाटीची ही क्रियापदे ज्यांनी नोंदविली, त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात त्यांचे अर्थ कसोटीला लागले. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये नव्या कोशाचा विचार सुरू केला. पहिला संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ मध्ये अवघ्या तिशीत मरण पावला. १८७९ मध्ये जेम्स मरे याने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार केला तेव्हा काम दहा वर्षांत उरकेल अशी अपेक्षा होती. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला आणि तो पोहोचला होता 'ए'पासून 'अँट' या शब्दापर्यंत! मरे याची इच्छा १९१७ मध्ये, आपल्या ऐंशीव्या वर्षी, कोश पूर्ण झालेला पाहण्याची होती. जुलै १९१५ मध्ये त्याचे निधन झाले. त्याने संपादित केलेला अखेरचा भाग 'ट्रिंक'पासून 'टर्न-डाउन'पर्यंतचा आहे. म्हणजे त्याची शेवटची सीमा एका अव्यययुक्त क्रियापदापासून बनलेल्या शब्दावर येऊन थांबली. सहसंपादक हेन्री ब्रॅडली १९२३ मध्ये वारला. क्रेगी आणि अनियन्स या उरलेल्या संपादकांनी १९२८ मध्ये काम तडीस नेले, तेव्हा कोशात ४,१४,८२५ शब्दनोंदी आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे जमा झाली होती.

ब्रॅडलीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअर्सॉल स्मिथ याच्या १९२५ मधील ग्रंथातून रूढ झाली आणि ती आपल्याला ब्रॅडलीने सुचविल्याचे स्मिथनेच नमूद केले आहे. आठशे वर्षे लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दप्रकाराला नाव मिळाले ते विसाव्या शतकाचा पाव भाग उलटल्यावर.

महाराष्ट्रातील कोशनिर्मितीचा इतिहासही याच जातीचा आहे. जेम्स मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश मात्र मोल्सवर्थला पुरा करता आला नाही. प्रकृती ढासळल्याने त्याला मायदेशी परतावे लागले आणि अर्धवट राहिलेले काम थॉमस कँडीने १८४७ मध्ये पूर्णत्वास नेले. पुढे मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १८५७ मध्ये त्याने मराठी कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती सिद्ध केली. इंग्रजी-मराठी कोश रचणाऱ्यापुढील अडचण निराळीच असते. वर्णानुक्रमात 'कॅरी ऑन' ही स्वतंत्र नोंद होत नाही; ती 'कॅरी'च्या पोटात दडते. 'कंटिन्यू'ला मात्र स्वतःचे घर मिळते. कोशाच्या रचनेनेच लॅटिन थर ठळक आणि देशी थर धूसर होतो. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरपद्धतीने शिकलेल्या पिढ्यांच्या इंग्रजीवर याचा परिणाम झाला असल्यास नवल नाही.

विसाव्या शतकातील वळण

युद्धकाळाने या क्रियापदांना एक वेगळीच प्रतिष्ठा दिली. एच. जी. वेल्सच्या १९१६ मधील कादंबरीच्या शीर्षकातच 'सी थ्रू' आहे. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने शांत राहून 'कॅरी ऑन' करण्यास सांगणारे भित्तिपत्रक सुमारे पंचवीस लाख प्रतींत छापले. त्या वेळी ते फारसे लागलेच नाही, आणि २००० मध्ये एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची प्रत सापडल्यावर ते जगभर पसरले. संकटाच्या प्रसंगी सरकारला 'पर्सिव्हिअर' सुचले नाही, हे बोलके आहे.

सी. के. ऑग्डेन याने १९३० मध्ये मांडलेल्या 'बेसिक इंग्लिश' योजनेत ८५० शब्द होते व त्यांत क्रियापदे अवघी १८. 'कंटिन्यू'ऐवजी 'गो ऑन', 'अबँडन'ऐवजी 'गिव्ह अप', अशी तिची सारी मदार अव्ययांवर होती. ढाक्यात अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट याने १९३४ मध्ये या योजनेवर कठोर टीका केली. 'गिव्ह' आणि 'अप' माहीत असले म्हणून 'गिव्ह अप' आपोआप कळत नाही. ती शिकणाऱ्याच्या दृष्टीने नवी नोंदच होय. या मुद्द्यावर वेस्टची बाजू अधिक भक्कम होती असे वाटते, कारण त्याच्यासमोर भारतीय उपखंडातील खरा वर्ग होता. जपानात शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी याचा १९४२ मध्ये टोकियोत छापलेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा काढलेला कोश याच गरजेतून आला. अव्यययुक्त क्रियापदांना वाहिलेला कावी व मॅकिन यांचा मोठा कोश ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला तो १९७५ मध्ये.

हे सर्व कोश इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देतात. 'अप'समोर 'टाकणे', 'ऑन'समोर 'राहणे', 'आउट'समोर 'तग धरणे' आणि 'थ्रू'समोर 'पार पाडणे' ठेवून, अपवाद जेथे आहेत तेथे ते स्पष्ट दाखवून, मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी अशी एखादी छोटी पुस्तिका तयार करणे हे कोणत्याही महाविद्यालयातील इंग्रजी व मराठी या दोन विभागांना मिळून एका शैक्षणिक वर्षात करता येण्याजोगे काम आहे. प्रथम वर्षाच्या वर्गाला 'खाऊन टाकले' आणि 'खात राहिला' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून देऊन त्यांचे इंग्रजी विचारावे. लॅटिन वळणाचा एकही शब्द न वापरता दोन्ही उत्तरे देता येतात.